शेवटच्या कडव्यातले नाव

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने आम्हांला बोलण्यास सांगितले तेव्हा विषयाचे बंधन घातले नाही. बँकेतला माणूस आहे, कर्जयोजना सांगेल, अनुदानाचे अर्ज कसे भरायचे ते सांगेल, अशी अपेक्षा असावी. ते आम्ही काउंटरवर रोज सांगतोच. आज आम्ही इथे एक जुनी गाण्याची तबकडी घेऊन आलो आहोत. ती या टेबलावर फडक्यात गुंडाळलेली आहे. तिच्याविषयी, आणि ती ऐकताना आमच्या कानांनी केलेल्या एका चुकीविषयी बोलण्याचा विचार आहे.

आमचे चुलते, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, मुंबईला कापडाच्या गिरणीत साच्यावर कामाला होते. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. एक वर्ष गेले, दुसरे गेले, नानांना काही पुन्हा कामावर जाता आले नाही. शेवटी ते नेवाशाला परत आले. येताना एक वळकटी, एक ट्रंक आणि खताच्या गोणीत घालून एक रेकॉर्ड प्लेअर व अकरा तबकड्या त्यांनी आणल्या. आईने विचारले, "भाऊजी, भांडीकुंडी कुठंयत?" नाना म्हणाले, "वहिनी, भांडी हितं बी मिळतील."

त्या अकरांपैकी दोन जुन्या लाखेच्या होत्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या. त्यांतली एक एस.टी.च्या टपावरच फुटली. बाकीच्या पुढच्या काळातल्या, प्लॅस्टिकच्या जातीच्या, पडल्या तरी न फुटणाऱ्या, मिनिटाला 45 फेऱ्यांच्या. ज्यांनी हे यंत्र पाहिले नाही अशा विद्यार्थ्यांसाठी सांगतो, की तबकडीवर एकच अखंड चर कोरलेली असते, बाहेरून आत जाणारी. तिच्या दोन्ही बाजूंच्या बारीक वळणांवरून पिन घासत जाते आणि त्या थरथरीचा आवाज होतो. पिन झिजली की आवाज बसतो, चरीला ओरखडा पडला की एकच शब्द पुन्हा पुन्हा वाजत राहतो. नव्या पिनेला पैसे कोठले? नाना पिनेच्या दांडीवर चार आण्याचे नाणे ठेवीत, म्हणजे ती उडी मारत नसे. त्या नाण्याच्या वजनाने चर आणखी झिजत होती हे आम्हांला फार पुढे कळले.

सणावाराला वस्तीतला मंडपवाला आपला अ‍ॅम्प्लिफायर आणि कर्णा घेऊन येई आणि नानांचा प्लेअर त्याला जोडला जाई. एव्हाना सगळीकडे कॅसेट आल्या होत्या. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची गाणी चहाच्या टपरीवर कॅसेटवर वाजत. पण चौदा एप्रिलला पहिला मान नानांच्या तबकड्यांचा. आम्ही तिघे भावंडे आणि गल्लीतली पाच-सात पोरे कर्ण्याखाली बसून ती गाणी पाठ करीत असू. लिहिलेले काही नव्हते. पाकिटे कधीच फाटून गेली होती आणि तबकड्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. मधल्या गोल कागदावर गाण्याचे, गायकाचे, कवीचे नाव छापलेले असते, पण आमच्या सर्वांत आवडत्या तबकडीवर आधीच्या कुणा मालकाने क्रमांकाची चिठ्ठी डिंकाने चिकटवून टाकली होती. तेव्हा जे कानावर पडेल तेच आमचे पुस्तक.

आणि कानावर काय काय पडत होते! बाबासाहेबांचा जन्म महू येथे झाला, हे आम्ही "मऊ गावात" झाला असे गात होतो आणि त्यात आम्हांला काही वावगे वाटत नव्हते. जन्माची जागा मऊच असणार. "संविधान" हा शब्द आला की आम्ही "सावधान" म्हणून टाचा जुळवीत असू, कारण कवायतीच्या तासाला तोच शब्द रोज ऐकलेला. आमच्या बहिणीची गोष्ट तर अजून घरात निघते. महाडचे चवदार तळे तिने "चौदार" ऐकले, आणि शाळेच्या चित्रकला स्पर्धेत चारही बाजूंना मोठमोठी दारे असलेले तळे काढले. नानांनी ते चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिले. म्हणाले, "पोरी, तळ्याला एक बी दार नव्हतं. तरी आपल्याला बंद होतं." 20 मार्च 1927 चा अर्थ आम्हांला त्या दिवशी कळला, तो इतिहासाच्या पुस्तकातून कळला नव्हता. तेव्हा चुकीचे ऐकणे सगळेच वाया जाते असे आमचे म्हणणे नाही.

हा दोष केवळ पोरांचा नव्हता. आमच्या आत्या शाळेत गेल्या नव्हत्या. पंचशील त्यांनी ऐकून ऐकूनच पाठ केले. दुसऱ्या शीलातला "अदिन्नादाना" हा पाली शब्द, म्हणजे न दिलेले घेणे, त्या "आधी न दाणा" असा म्हणत. 1972 च्या दुष्काळात त्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होत्या. घरात दाणा नव्हता, आणि वंदनेतही तेच म्हटले आहे अशी त्यांची समजूत. आम्ही थोडे शिकल्यावर त्यांची चूक दुरुस्त केली. त्या म्हणाल्या, "बरं बाबा, तसं म्हणीन. पण त्या साली ह्येच खरं होतं." पुढे त्या नीट म्हणू लागल्या, पण तेवढ्या शब्दाशी थोडे अडखळत.

आता मूळ गोष्टीकडे येतो. त्या आवडत्या तबकडीवरच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात एक शब्द होता. आम्ही सर्वांनी तो "पावन" असा ऐकला. शंका घेण्यासारखे काही नव्हतेच. गाणे बाबासाहेबांचे, शेवट आलेला, सूर वर गेलेला, तिथे "पावन" हा शब्द शोभतोच. वाक्याचा अर्थ नीट लागत नव्हता हे खरे, पण गाण्यात प्रत्येक वाक्याचा अर्थ लागलाच पाहिजे असे कुठे असते? गंमत म्हणजे दुसऱ्या एका तबकडीवरही शेवटच्या कडव्यात "पावन"च होते. आम्हांला वाटले, आपल्या गाण्यांची ती रीतच असावी. शेवटी पावन म्हणायचे.

1991 साल हे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे. त्या वर्षी आमच्या वस्तीत जंगी कार्यक्रम ठरला आणि आम्हा पोरांना एक गाणे म्हणायला दिले. आम्ही अर्थातच तेच निवडले. मंडप गच्च भरला होता. आम्ही जोरात गायलो आणि शेवटच्या कडव्यात "पावन" हा शब्द तर तिघांनी मिळून दोनदा घेतला. टाळ्या पडल्या. आम्ही खाली उतरलो तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हांला जवळ बोलावले. ते तरुणपणी जलशात ढोलकी वाजवत असत. आम्हांला वाटले, शाबासकी मिळणार. बाबा म्हणाले, "गाणं चांगलं म्हणलं. पण शेवटाला माणूस खाल्ला की रं तुम्ही." आम्ही पाहत राहिलो. "पावन न्हाई. वामन. नाव हाये त्ये. ज्यानं गाणं केलं त्याचं."

आम्ही मान हलवली आणि मंडपामागे जाऊन पोटभर हसलो. म्हातारा थकलाय, त्याचे कान गेलेत, असे आमच्यातला एक जण म्हणाला. बाकीच्यांनी त्याला दुजोरा दिला. तो एक जण कोण, हे आज सांगत नाही. पुढची तीन-चार वर्षे आम्ही "पावन"च गात राहिलो.

पुढे महाविद्यालयात गेल्यावर बौद्ध साहित्य थोडे वाचनात आले. तिथे एक कथा सापडली आणि आम्ही पुस्तक मिटून ठेवले. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली, तिथे उपालीने विनय सांगितला आणि आनंदाने सुत्ते सांगितली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. सुत्ताच्या आरंभी आनंद कबुली देतो, की हे मी असे ऐकले आहे. ऐकले आहे, पाहिले किंवा लिहिले आहे असे नव्हे. आपला सगळा धम्म काही शतके केवळ कानांवर आणि जिभेवर चालला, लेखनात नंतर आला. तर ती कथा मूलसर्वास्तिवादी पंथाच्या विनयग्रंथात आहे, आणि इत्सिंग या चिनी प्रवाशाने तो ग्रंथ आठव्या शतकाच्या आरंभी आपल्या भाषेत नेला.

आनंद फार वृद्ध झाला होता. एकदा वेळुवनात एक तरुण भिक्खू गाथा म्हणत असलेला त्याने ऐकला. ही गाथा आपल्या धम्मपदाच्या सहस्सवग्गातही आहे. तिचा आशय असा, की पदार्थमात्राचे उपजणे आणि विरणे न पाहता शंभर वर्षे जगण्यापेक्षा ते पाहून एक दिवस जगलेले बरे. उपजणे-विरणे यासाठी शब्द आहे उदय-व्यय. त्या तरुण भिक्खूने त्याचे काय केले असेल? पाण्यातला बगळा! उदक आणि बक. शंभर वर्षे जगून ज्याने पाण्यातला बगळा पाहिला नाही त्याचे जगणे फुकट, असे तो मनोभावे म्हणत होता. आनंदाने त्याला थांबवून खरा शब्द सांगितला. भिक्खूने जाऊन आपल्या गुरूला विचारले. गुरू म्हणाला, आनंद आता म्हातारा झाला आहे, त्याला आठवत नाही, तू आपले चालू ठेव. आनंद पुन्हा तिथून गेला तेव्हा बगळा तसाच उभा होता.

ज्याने पंचवीस वर्षे भगवंतांच्या सावलीत राहून शब्द न् शब्द कानांत साठवला, त्याला म्हातारा म्हणून बाजूला सारले. आम्ही मंडपामागे नेमके हेच केले होते. बगळ्याचे आम्हांला हसू आले नाही.

त्याच सुमारास वाचनालयात एक जुने पुस्तक हाती लागले. नाव होते "हे गीत वामनाचे". प्रसिद्ध झाल्याचे साल 1977. आमच्या म्हाताऱ्या बाबांचे म्हणणे इथे मुखपृष्ठावरच छापलेले होते. आतली गाणी चाळली तर शेवटच्या कडव्यांतून जागोजागी तोच शब्द, स्वच्छ टाइपात. आमच्या "पावन"चा मागमूस नव्हता.

वामनदादा कर्डकांविषयी इथे जास्त सांगण्याची गरज नसावी, पण विद्यार्थ्यांसाठी थोडे सांगतो. जन्म 15 ऑगस्ट 1922, नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला. म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला माणूस. लहानपणी शाळा नाही. मुंबईला मिळेल ती मजुरी. कुणीतरी एक पत्र वाचून दाखवा म्हणून त्यांच्यापुढे धरले आणि त्यांना ते वाचता येईना, ही गोष्ट त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाते. त्यानंतर विशीच्या घरात ते अक्षरे शिकले. आणि मग हजारो गाणी लिहिली. "वाटचाल", "मोहळ" हे संग्रह सत्तरीच्या दशकात आले. 2004 च्या मे महिन्यात ते गेले. त्यांची गाणी गावोगाव गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हे संग्रह पाहिले असतील. गाणी पसरली ती गळ्यागळ्यातून, कर्ण्यातून, तबकड्यांतून. अशा कवीचे नाव टिकायला जागा एकच, शेवटचे कडवे. आणि तिथेच आम्ही त्याला विशेषण करून टाकले होते.

असे का झाले, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. काही दोष यंत्राचा होता. गाताना स्वर लांबतात आणि व्यंजने चिमटीत सापडल्यासारखी निसटतात. "व" असो की "प", तो क्षणभर ओठांवर येऊन जातो, मागे उरतो तो "आ". त्यात पिन झिजलेली, ढोलकी वर आलेली. कर्णा तर फक्त मधला आवाज पुढे फेकतो. अगदी खालचा आणि अगदी वरचा गाळून टाकतो, आणि "स", "श", "फ" यांतला फरक बराचसा वरच्या आवाजात असतो. आमच्या बँकेच्या जुन्या टेलिफोनचेही तसेच. त्यातून सेकंदाला सुमारे 300 ते 3400 कंपनांपर्यंतचाच आवाज जाई. म्हणून फोनवर "साठ" सांगितले की पलीकडचा "आठ?" म्हणून ओरडत असे.

पण सगळे यंत्रावर ढकलून चालणार नाही. त्याच कर्ण्यातून, त्याच पिनेने, म्हाताऱ्या बाबांना "वामन" ऐकू येत होते. त्यांना तो माणूस ठाऊक होता, आम्हांला नव्हता. कान कोऱ्या कागदासारखा नसतो. अर्धवट आवाज आला की तो आधी साठवलेल्या शब्दांतला एखादा काढून तिथे बसवतो. आणि आमच्या कानांत काय साठवलेले होते? नेवासे हे तीर्थाचे गाव. पहाटे आणि तिन्हीसांजेला दुसरे कर्णे वाजत असत, त्यांतून "पावन" हा शब्द आम्ही हजार वेळा ऐकला होता. "वामन" हे कवीचे नाव वर्गात, पुस्तकात, कुठेच आमच्या कानी पडलेले नव्हते. आपल्याच माणसाचे नाव आपल्याच गाण्यात आले, तरी ते ओळखायला जागा रिकामी नव्हती. तिथे आधीच दुसरा शब्द बसलेला होता.

इंग्रजीत अशा चुकीच्या ऐकण्याला एक नावच आहे. सिल्व्हिया राइट नावाच्या अमेरिकन लेखिकेने 1954 साली एका लेखात आपल्या बालपणीची हकिगत लिहिली. तिची आई तिला जुने स्कॉटिश पोवाडे वाचून दाखवी. एका पोवाड्यात एका सरदाराला मारून हिरवळीवर टाकले, असे होते. तिने ते ऐकले असे, की सरदाराला मारले आणि सोबत "लेडी मॉन्डेग्रीन" नावाच्या बाईलाही मारले. ती बाई तिला डोळ्यांपुढे दिसत असे. तेव्हापासून अशा शब्दाला तिकडे "मॉन्डेग्रीन" म्हणतात. वाचून आम्ही हसलो, पण मनात आले, तिच्या चुकीने नसलेली एक बाई जन्माला आली. आमच्या चुकीने असलेला माणूस नाहीसा झाला.

नाव गाण्यात गुंफण्याची चाल आपल्याकडे जुनीच. नामदेव, तुकाराम यांची नावे अभंगाच्या शेवटी येतात. चोखोबांचेही येते, आणि त्यांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या गृहस्थांनी लिहून घेतले असे परंपरा सांगते. म्हणजे तिथेही एक सांगणारा, एक ऐकणारा. सोयराबाईंची गोष्ट तर आम्हांला नेहमी खटकते. एवढे अभंग रचले, पण अभंगाच्या शेवटी त्या स्वतःला चोख्याची महारी म्हणवतात. नवरा आणि जात, एवढ्याच दोन खुणा. आपले नाव स्वतःच्याच ओळीत घालण्याची सोयसुद्धा सगळ्यांना सारखी मिळाली नाही. रेकॉर्डिंगच्या अगदी आरंभी, 1902 साली, कलकत्त्याला गौहर जान यांनी गाणी ध्वनिमुद्रित केली तेव्हा गाणे संपता संपता त्या इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या, तिथल्या कामगारांना कोणती तबकडी कुणाची हे कळावे म्हणून. आम्हांला ही युक्ती फार आवडली. वामनदादांनी तेच कवितेत केले. पण गौहर जान यांचे नाव ऐकणारे कामगार सावध बसले होते. आम्ही ताल धरून बसलो होतो.

या चुकीची किंमत काय, असे कुणी विचारील. गाण्यातला एक शब्द चुकला, आभाळ कोसळले का? आमच्या कामाच्या जागची एक हकिगत सांगतो. 28 ऑगस्ट 2014 ला जनधन योजना सुरू झाली आणि आम्ही कारकून मंडळी सकाळपासून रात्रीपर्यंत खाती उघडत होतो. खिडकीपुढे ही रांग. पंखे, गोंगाट, पोरांची रडारड. एका आजीबाईंनी नाव सांगितले. पहिले अक्षर "व" होते, आम्ही "र" ऐकले आणि तसे लिहिले. त्यांनी अंगठा दिला. वाचता येत नव्हते, तेव्हा तपासणार कोण? पुढे श्रावणबाळ योजनेचे पैसे यायची वेळ झाली. तहसिलातल्या यादीत एक नाव, पासबुकावर दुसरे. पैसे काही महिने अडकले. आम्ही त्यांना सांगितले, की आजी, प्रतिज्ञापत्र करून आणा. त्या म्हणाल्या, "म्या नाव बरुबर सांगितलं, तुमी चुकीचं लिव्हलं, आन् कागद म्या आणायचा?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. स्टॅम्पपेपरचा खर्च आम्ही आपसांत केला, पण त्या अडकलेल्या महिन्यांत त्यांनी किराणा कसा भरला हे विचारायचे धाडस झाले नाही. तेव्हापासून आमच्या खिडकीवर एक रीत आम्ही पाळतो. नाव लिहिले की मोठ्याने वाचून दाखवायचे आणि समोरच्याने "व्हय" म्हटल्याशिवाय पुढे जायचे नाही. रांग खोळंबते, साहेब रागावतात. चेकवर रक्कम अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहितात, दोन्हींत फरक पडला तर अक्षरी धरायची असे 1881 च्या कायद्याचे कलम 18 सांगते. पैशाची एवढी काळजी कायद्याने घेतली. माणसाच्या नावाची मात्र आपापली घ्यावी लागते.

आणि आपण तर नेवाशाचे लोक. हे गावच सांगणाऱ्याचे आणि लिहून घेणाऱ्याचे. ज्ञानेश्वरांनी इथे गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, शके 1212, म्हणजे 1290 साली. तो पैस खांब दाखवायला आपण पाहुण्यांना नेतो. आपला मार्ग वेगळा आहे, तो आपण डोळसपणे घेतला आहे. तरी तिथली एक गोष्ट आम्हांला घेण्यासारखी वाटते. प्रतींवरून प्रती होत गेल्या, म्हणणाऱ्यांनी आपापले शब्द घातले, आणि पुढे 1584 साली पैठणच्या एकनाथांना बसून सगळा पाठ शुद्ध करावा लागला. सुमारे तीनशे वर्षे झाली होती. खांब दगडाचा, तो जागेवर राहिला, शब्द सरकले. ज्या ग्रंथामागे एवढा मोठा समाज उभा होता त्याची ही स्थिती, तर आपल्या गाण्यांचे काय होईल? वामनदादांना जाऊन वीस वर्षे उलटून गेली. त्यांची गाणी तोंडपाठ असणारी पिढी पातळ होत चालली आहे. मोबाईलवर गाणे पाहिजे तेव्हा लागते, पण कवीचे नाव पुष्कळदा त्यात नसतेच.

कुणी म्हणेल, लोकगीत हे बदलायचेच. खरे आहे. जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही पुष्कळ आहेत. एकच ओवी एका गावी एक, दुसऱ्या गावी दुसरी. त्यात चूक कुणाची नाही, कारण ती ओवी जी दळते तिची. आमच्या आत्यांचे "आधी न दाणा" आम्ही त्याच खात्यात टाकतो. पण ज्या गाण्याला कवीने नाव लावले आहे ते त्याच्या नावाचे खाते आहे. चाल बदला, लय बदला, कडवे मागे-पुढे घ्या. नाव खोडू नका.

म्हाताऱ्या बाबांचे सांगायचे राहिले. पुस्तक सापडल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. तोपर्यंत त्यांचे कान खरोखरच गेले होते. ओट्यावर बसलेले होते. आम्ही पुस्तक पुढे धरले, पण नजरही अधू झालेली. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "बाबा, वामनच बरोबर होतं!" बाबा म्हणाले, "जेवण? झालं, झालं. तुमचं झालं का?" आम्ही पुन्हा ओरडलो. त्यांनी आत हाक मारली, की पोरांना भाकरी वाढा. आम्ही जेवलो. शेवटी आमच्यातल्या एकाने त्यांच्यापुढे बसून, मांडीवर ठेका धरून ते शेवटचे कडवे म्हटले. ऐकू किती आले कोण जाणे, पण बाबांची नजर आमच्या ओठांवर होती. त्या शब्दापाशी त्यांनी बोट वर केले आणि ठेका बरोबर समेवर पुरा केला.

आता या तबकडीकडे येतो. नाना गेले, त्यांचा प्लेअर भंगारात गेला. संस्थेतल्या एका मित्राने दुसरा मिळवून, नवा पट्टा आणि नवी पिन टाकून आणला आहे. या खेपेला वर नाणे ठेवणार नाही. मधल्या कागदावरची चिठ्ठी आम्ही कोमट पाण्याच्या बोळ्याने हळूहळू सोडवून पाहिली, पण तिच्याबरोबर खालची छपाईही निघून आली. तेव्हा गाणे कुणाचे हे अजूनही ऐकूनच ठरवायचे आहे. पहिल्या बाजूचा उलगडा झाला. मागल्या बाजूच्या गाण्यात मात्र शेवटच्या कडव्यात एक शब्द आहे, तो आम्हांला आजवर लागलेला नाही. तो "वामन" नाही, एवढे नक्की. तीन अक्षरी आहे आणि त्याच्यावर ढोलकीची थाप पडते. आमच्या बहिणीला तो एक ऐकू येतो, आम्हांला दुसरा. आम्ही काय ऐकतो ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर तुम्हांलाही तेच ऐकू येईल. हा दुसरा कवी कोण होता, जिवंत असेल का, त्याच्या घरी कुणाला ठाऊक असेल का, हे त्या तीन अक्षरांवर आहे.

अध्यक्षांच्या परवानगीने आता ती बाजू लावतो. पंखे थोडा वेळ बंद करावेत. विद्यार्थ्यांनी वही-पेन काढावे आणि एकमेकांच्या वहीत पाहू नये. ज्येष्ठ मंडळींनी कृपया पुढे येऊन बसावे, आजीबाईंनीसुद्धा. पोरांनो, त्यांना खुर्च्या द्या.

जयभीम.